मिसळणे सोपे, निवडणे अवघड

एका थाळीत दोनशे मूग, दोनशे मसूर आणि दोनशे तांदूळ मोजून घ्या. हाताने एकदा ढवळा. मिसळण्याचे काम पाच सेकंदांत संपते. आता हे दाणे पुन्हा तीन वाट्यांत वेगळे करायला एखाद्या विद्यार्थ्याला सांगा. सेकंदाला एक दाणा हा वेग पहिली दोन-तीन मिनिटे टिकतो, मग डोळे थकतात आणि हात चुकतो. तरीही तो शेवटपर्यंत टिकला असे धरले तर सहाशे दाण्यांना सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटे लागतील. मिसळायला लागला त्याच्या एकशेवीस पट वेळ!

आता तेच दाणे पुन्हा मिसळा, वर दोन चमचे गुळाचे पाणी ओता आणि थाळी अर्धा तास बाजूला ठेवा. मग निवडायला सांगा. बहुतेक मुले पाच मिनिटांत थाळी परत करतील.

शहराच्या कचऱ्याचा प्रश्न हा मुळात या थाळीचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते. कचऱ्याविषयी बोलताना आपण नेहमी त्याच्या प्रमाणाविषयी बोलतो. कचरा फार झाला, टाकायला जागा उरली नाही, गाड्या कमी पडतात. यात खोटे काही नाही. एकट्या पुणे शहरातून रोज दोन हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. पण या ढिगात असते काय? निम्म्याच्या आसपास भाग हा भाजीची देठे, साली, उरलेले अन्न अशा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हे खताचे आणि गॅसचे कच्चे द्रव्य आहे. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिक असते आणि यांतील बऱ्याच वस्तूंना बाजारात भाव आहे. हे पदार्थ वेगवेगळे असतात तेव्हा माल असतो. एकत्र होतात तेव्हाच त्यांचा कचरा होतो.

घरातले साधे उदाहरण घेऊ. आठवडाभराची वर्तमानपत्रे रद्दीवाला तोलून पैसे देऊन नेतो. त्यांतल्याच एका वर्तमानपत्रात कालची आमटी सांडली की त्याला तो हात लावणार नाही. कागद तोच, आमटीही तीच. आमटी वेगळी राहिली असती तर झाडाच्या उपयोगी पडली असती, कागद वेगळा राहिला असता तर पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेला असता. दोन उपयोगी वस्तू एकत्र येऊन एक निरुपयोगी वस्तू तयार झाली. यात कोणतीही रासायनिक क्रिया झालेली नाही. झाले आहे ते फक्त मिसळणे.

असे का होते?

मिसळणे सोपे आणि निवडणे अवघड का, याचे उत्तर मोजणीत आहे. एका ओळीत वीस खाचा आहेत आणि त्यांत दहा काळे व दहा पांढरे मणी ठेवायचे आहेत, अशी कल्पना करू. मणी किती प्रकारे ठेवता येतील? बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सूत्राने काढता येईल. उत्तर येते १,८४,७५६. यांपैकी सगळे काळे डावीकडे आणि सगळे पांढरे उजवीकडे अशी मांडणी फक्त एक. डोळे मिटून पेटी हलवली तर मणी या एका मांडणीत येण्याऐवजी उरलेल्या पावणेदोन लाखांहून अधिक मांडण्यांपैकी कोणत्या तरी मांडणीत जाणार हे उघडच आहे. मण्यांची संख्या शंभर केली, पन्नास काळे आणि पन्नास पांढरे, तर मांडण्यांची संख्या एकावर एकोणतीस शून्ये इतकी होते. पेटी जन्मभर हलवत बसले तरी मणी आपोआप वेगळे होणार नाहीत.

भौतिकीत या अव्यवस्थेच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस याने १८६५ साली घडवला. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. रेणूंची एन्ट्रॉपी आणि कचऱ्याचा पसारा या तंतोतंत एकच गोष्टी नव्हेत. दाण्यांसारख्या मोठ्या वस्तू वेगळ्या करायला उष्मागतिकीच्या नियमांनुसार लागणारी किमान ऊर्जा जवळजवळ शून्य येते. प्रत्यक्षात खर्च होतो तो प्रत्येक दाणा पाहण्याचा, ओळखण्याचा आणि उचलण्याचा. खरे तर हरवते ती माहिती. केळे सोलताना हातातली वस्तू केळ्याची साल आहे हे आपल्याला ठाऊक असते. ती कोणत्या डब्यात टाकायची हे ठरवायला वेगळा वेळ लागत नाही. एकाच डब्यात टाकल्यावर ही माहिती पुसली जाते आणि पुढे कोणाला तरी ती नव्याने, एकेक वस्तू पाहून, मिळवावी लागते.

निवडण्याचे शास्त्र आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही. निवडणे, पाखडणे, चाळणे, गाळणे, वेचणे अशी वेगवेगळी क्रियापदे आपल्या भाषेत आहेत आणि प्रत्येकामागे पदार्थाचा एकेक गुणधर्म आहे. पाखडताना वजन आणि आकार उपयोगी पडतो, चाळताना फक्त आकार, वेचताना रंग व रूप. कचरा वेगळा करणारी यंत्रे हेच करतात. लोहचुंबक लोखंड उचलतो, फिरती चाळण माती गाळते, हवेचा झोत सुपासारखा हलके कागद उडवतो. पाण्यात टाकल्यावर दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन तरंगते, कारण त्याची घनता पाण्याहून थोडी कमी असते. पाण्याच्या बाटलीचे पेट नावाचे प्लॅस्टिक बुडते, कारण त्याची घनता १.३८ च्या आसपास असते. हा प्रयोग वर्गात बादलीभर पाण्यात करता येतो. बाटलीचे बूच आणि बाटलीचा तुकडा एकाच वेळी पाण्यात सोडा.

पण पीव्हीसी हे प्लॅस्टिकही बुडते. पेटमध्ये ते थोडे जरी शिरले तरी वितळवताना सगळा माल बिघडतो. शिवाय ही सर्व यंत्रे वस्तू कोरड्या आणि सुट्या आहेत असे धरून चालतात. गुळाचे पाणी ओतलेल्या थाळीत सूप चालत नाही.

ढिगाच्या पोटात

मिसळलेला कचरा गावाबाहेर नेऊन टाकला की तो तेथे स्वस्थ पडून राहत नाही. वरचा थर दाबला जातो, आतली हवा संपते. मग हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. ते आधी अन्नाचे रूपांतर आम्लांत करतात. ही आम्ले पावसाच्या पाण्यात मिसळून ढिगातून झिरपतात आणि वाटेत भेटलेल्या पत्र्यातील, सेलमधील, रंगातील धातू विरघळवत खाली जातात. केळ्याची साल विषारी नसते आणि घड्याळाचा सेलही कपाटात असेपर्यंत कोणाच्या विहिरीत जात नाही. दोघे एकत्र आल्यावर साल सेलला विरघळवण्याचे काम करते.

आम्लांपासून जीवाणूंची दुसरी फळी मिथेन वायू बनवते. याचे गणित सोपे आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून हवेवाचून तीन रेणू मिथेन आणि तीन रेणू कार्बन डायऑक्साइड मिळतात. ग्लुकोजचा रेणुभार १८०, मिथेनचा १६. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ४८ ग्रॅम, किंवा एक किलोपासून सुमारे २६७ ग्रॅम मिथेन. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणून हे २६७ ग्रॅम जवळजवळ साडेसात किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे झाले. तेच एक किलो ग्लुकोज मोकळ्या हवेत कुजले असते तर साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड निघाला असता, आणि तोही वनस्पतीने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला. प्रत्यक्ष ढिगात सगळे अन्न मिथेनपर्यंत पोहोचत नाही, पण फरक किती मोठा आहे हे यावरून कळते.

हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी पुरते. आणि त्याच्याच शेजारी कागद, चिंध्या आणि प्लॅस्टिक हे उत्तम जळण रचून ठेवलेले असते. मुंबईचा देवनारचा कचरा डेपो १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगी विझवणे फार कठीण असते, कारण वरून पाणी मारले तरी आत धुमसत राहते.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊन पडत होता. शहराला तो दिसत नव्हता. गावाला मात्र विहिरींचे बिघडलेले पाणी, माशा आणि दुर्गंधी दिसत होती. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतर त्यांनी कित्येक दिवस गाड्या येऊच दिल्या नाहीत, आणि शहरातल्या कुंड्या रस्त्यावर ओसंडू लागल्या. त्या काळात पुणेकरांची गैरसोय किती झाली याच्या बातम्या पुष्कळ आल्या. गावाची गैरसोय त्याआधी किती वर्षे चालली होती, याची चर्चा तेवढी झाली नाही.

मग हा कचरा जाळून वीज का करू नये? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो चांगला आहे. येथेही आधी थोडे गणित करू. समजा एक किलो मिश्र कचऱ्यात अर्धा किलो पाणी, २०० ग्रॅम माती-खडे आणि ३०० ग्रॅम जळण्याजोगा भाग आहे. जळणाऱ्या भागापासून ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर १२०० किलोकॅलरी मिळतील. पण आधी अर्धा किलो पाण्याची वाफ करावी लागेल. एक ग्रॅम पाणी २५ अंशांपासून उकळून वाफ व्हायला सुमारे ६१५ कॅलरी लागतात. म्हणजे ३०७ किलोकॅलरी पाण्यातच गेल्या. उरल्या नऊशेच्या आत. भट्टी दुसऱ्या इंधनावाचून नीट पेटत राहायची तर किलोमागे साधारण दीड हजार तरी लागतात. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या साहाय्याने दिवसाला ३०० टन कचरा जाळणारी भट्टी उभारली होती. ती काही आठवड्यांतच बंद पडली. यंत्र वाईट नव्हते. ते युरोपातल्या कोरड्या कचऱ्यासाठी बनवलेले होते आणि त्याला दिल्लीचा ओला, मातकट कचरा खायला घातला गेला. पुढे देशात कचरा जाळणारे आणखी प्रकल्प उभे राहिले. पण कचऱ्यातील पाणी आणि माती जाळून वीज होत नाही, हे भौतिकीचे सत्य त्यांनाही टळलेले नाही.

निवडणारे हात

आतापर्यंत आपण निवडण्याच्या खर्चाविषयी बोललो, पण तो खर्च कोण करते हे सांगितले नाही. आपल्या शहरांत तो कचरावेचक करतात. पुण्यात हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया आहेत. यांतील अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून शहरात आली. कुंडीत उतरून, काच, सुया आणि कुजके अन्न हाताने बाजूला सारून, विकण्याजोगे तेवढे वेचायचे, हा त्यांचा दिवस. आपल्या स्वयंपाकघरात क्षणभराचे असलेले काम कुंडीत गेल्यावर काही तासांचे आणि जखमांचे होते. थाळीतले दाणे निवडताना मुलांना कंटाळा आला असेल, तर हे त्यांना या टप्प्यावर जरूर सांगावे.

या बायकांजवळ जे ज्ञान असते ते आम्हांला थक्क करणारे वाटते. पिशवी चुरगाळून तिच्या आवाजावरून ती कोणत्या प्लॅस्टिकची हे त्या सांगतात. भंगारच्या दुकानात प्लॅस्टिकचे जितके प्रकार वेगवेगळ्या भावाने घेतले जातात, तितके आपल्या पाठ्यपुस्तकात नसतात.

एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास या स्त्रियांबरोबर काम करू लागल्या. काही वसाहतींतील घरांना त्यांनी कचरा वेगळा करून थेट कचरावेचक बायकांच्या हाती देण्याची विनंती केली. कुंडीत उतरावे लागले नाही, माल स्वच्छ मिळाला, त्याला भाव चांगला आला आणि वेळ वाचला. पुढे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. २००८ साली याच संघटनेतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. तिच्या सभासदांची संख्या पुढे तीन हजारांच्या वर गेली. सभासद घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा घेतात, घरांकडून महिन्याचे शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल त्यांचा. करार वेळोवेळी अडखळला, पण व्यवस्था टिकली.

या व्यवस्थेतील एक बारकावा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. “आम्ही वेगळा देतो, पण गाडीत सगळा एकत्रच टाकतात,” ही तक्रार प्रत्येक शहरात ऐकू येते आणि ती पुष्कळदा खरी असते. घरापासून कारखान्यापर्यंतच्या साखळीत एका ठिकाणी जरी माल मिसळला, तरी आधीच्या सगळ्यांचे श्रम वाया जातात. मग कोणत्या ठिकाणी कोणाला मिसळण्यात फायदा आहे, हे पाहिले पाहिजे. कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर ओला, जड, मिश्र कचरा त्याच्या फायद्याचा. वेगळा केलेला कागद दुसरीकडे गेला तर त्याचे वजन घटते. याउलट जिला सुका माल विकून पोट भरायचे आहे, ती बाई आमटी कागदावर सांडू देणार नाही आणि दारात उभी राहून आपल्याला दोन शब्द सुनावेलही. निवडण्याची आज्ञा करण्यापेक्षा निवडण्यात ज्याचे हित आहे त्याच्या हाती कचरा देणे हा उपाय अधिक टिकाऊ दिसतो.

आज्ञा तर केव्हाच झाली आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर देशात २००० साली शहरी घनकचऱ्याचे नियम आले आणि त्यांत वर्गीकरणाची अपेक्षा होती. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारीही घातली. पहिल्या नियमांना पाव शतक होऊन गेले. आपल्या इमारतीत खाली जाऊन किती डबे आहेत हे विद्यार्थ्यांनी मोजून यावे.

येथे मात्र मिसळावेच

ओला कचरा वेगळा मिळाला की पुढचे काम जीवाणूंचे. गंमत अशी की येथे पुन्हा एक मिश्रण करावे लागते, पण हिशेबाने. जीवाणूंना शरीर बांधायला नत्र लागतो आणि ऊर्जेसाठी कार्बन. नत्राच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस ते तीस भाग असले की खत उत्तम होते. नत्र जास्त झाला तर तो अमोनिया होऊन उडतो आणि वास येतो. कार्बन जास्त झाला तर काम रेंगाळते.

भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण वीसास एक धरू. एक किलो भाजीच्या कचऱ्यात ८०० ग्रॅम पाणी असते, उरलेल्या २०० ग्रॅममध्ये साधारण ८० ग्रॅम कार्बन आणि ४ ग्रॅम नत्र. आता यात २०० ग्रॅम वाळका पाला घाला, ज्यात प्रमाण साठास एक आहे. त्यातून ८१ ग्रॅम कार्बन आणि सुमारे १.३५ ग्रॅम नत्र येतो. बेरीज केली तर १६१ ग्रॅम कार्बन आणि ५.३५ ग्रॅम नत्र, म्हणजे जवळजवळ बरोबर तीसास एक. पाणी अजून थोडे जास्त आहे, तेव्हा पाला मूठभर वाढवावा किंवा जुने कोरडे खत घालावे. पाल्यामुळे ढिगात पोकळ्या राहतात, हवा खेळते आणि मिथेन बनवणाऱ्या जीवाणूंना संधी मिळत नाही. चांगला रचलेला मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तापमापी ज्या शाळेत आहे तिने रोज सकाळी नोंद करून आलेख काढावा. कुंडीतला छोटा ढीग एवढा तापत नाही, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. हेही मुलांना शोधून काढू द्यावे.

आता माघ-फाल्गुनात शहरात काय होते ते आठवा. रस्त्यारस्त्यांवर पानगळीचे ढीग पेटवलेले असतात. खतासाठी लागणारा अर्धा जिन्नस आपण जाळून धूर करतो आणि उरलेला अर्धा डेपोत टाकून मिथेन करतो. शाळेच्या आवारात दोन-चार मोठी झाडे असतील तर तो पाला पोत्यांत भरून ठेवावा. पुढे वर्षभर डब्यांतल्या उरलेल्या अन्नाला तो पुरतो की नाही हे एक आठवडा डब्यांतले अन्न तोलून काढता येईल.

ज्यांना खतापेक्षा गॅस हवा त्यांच्यासाठी मिथेनचे जीवाणूच कामाला लावता येतात, फक्त बंद टाकीत. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून टाकलेले अन्न. त्यात उरलेली ऊर्जा काढण्यासाठी मोठी टाकी कशाला? जीवाणूंना पिठूळ, गोड, न पचलेले अन्नच द्यावे. या घरगुती संयंत्राला २००६ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे मोठ्या प्रमाणावरचे संयंत्र विकसित केले. पुण्यासह अनेक शहरांत प्रभागांमध्ये गॅसचे प्रकल्प उभे राहिले, पण त्यांतील बरेच क्षमतेपेक्षा कमी चालले. यामागे एक मोठे कारण तेच आपले जुने. ओल्या कचऱ्यात आलेल्या पिशव्या कालवणीच्या यंत्रात गुंडाळल्या जातात आणि नारळाच्या करवंट्या जीवाणूंना पचत नाहीत.

लहान गावांना हे अधिक सहज जमलेले दिसते. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला या बारा-तेरा हजार वस्तीच्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण करून डेपोच्या जागेवर लोक पाहायला येतील असे ठिकाण केले. पणजीत काही वसाहतींनी सोळा प्रकारांत कचरा वेगळा केला. मोठ्या शहराला हे जसेच्या तसे उचलता येईल असे आम्ही म्हणत नाही, पण मोठे शहर हेही अनेक वेंगुर्ल्यांचेच बनलेले असते. एक प्रभाग वेंगुर्ल्यापेक्षा मोठाच असेल.

घरी येण्याआधीच मिसळलेले

एक अडचण मात्र आपल्या डब्यांनी सुटत नाही. बटाट्याच्या वेफरचे पाकीट आतून चंदेरी आणि बाहेरून रंगीत असते. प्लॅस्टिकचे थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप, सगळे कायमचे चिकटवलेले. फळांच्या रसाच्या कागदी खोक्यात साधारण तीन चतुर्थांश कागद, उरलेले पॉलिथिन आणि थोडे ॲल्युमिनियम असते. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवायला जी ऊर्जा लागते, तिच्या वीसाव्या भागात जुने ॲल्युमिनियम वितळवून नवे करता येते. पण त्यासाठी ते सुटे मिळाले पाहिजे. पाकिटावरचा लेप सुटा करायला जितका खर्च येईल तितकी त्याची किंमतच नाही. म्हणून भंगारवाला ही पाकिटे घेत नाही आणि कचरावेचकही ती उचलत नाहीत. हे मिश्रण आपण केलेले नाही. ते कारखान्यात झाले आणि आपण फक्त ते विकत आणले.

वापरलेल्या सॅनिटरी पॅडचेही तसेच आहे. प्लॅस्टिक, लाकडाचा लगदा आणि पाणी शोषणारी भुकटी यांचे ते मिश्रण असते. शिवाय ते निवडणाऱ्या बाईच्या आरोग्याला धोका असतो. पुण्यातील कचरावेचकांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला, म्हणजे पुडी न उघडता ती बाजूला ठेवता येते. एका लाल ठिपक्याने हरवलेली माहिती परत मिळते! २०१३ साली त्यांनी आणखी एक पाऊल टाकले आणि वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच पाठवून दिले. २०१६ मध्ये प्लॅस्टिकविषयीचे जे नियम आले त्यांनी वेष्टनांची जबाबदारी उत्पादकावर टाकली. २०१६ च्याच घनकचऱ्याच्या नियमांनी पॅड गुंडाळण्यासाठी पिशवी देण्यासही उत्पादकांना सांगितले.

वर्गासाठी शेवटचा एक प्रयोग सुचवतो. आठवडाभर मुलांनी आपापल्या घरातली वेष्टने धुऊन, वाळवून आणावीत आणि जवळच्या भंगारच्या दुकानात नेऊन त्यांतली कोणती घेतात आणि काय भावाने, हे विचारून यावे. जी परत येतील ती फळ्याशेजारी टाचून त्यांवर बनवणाऱ्याचे नाव लिहावे.